जेवायला बसलं की जबड्याखाली सूज: लाळेचा खडा ओळखायचा कसा, काढायचा कसा

पहिला घास तोंडात जातो आणि दोन-तीन मिनिटांत जबड्याच्या हाडाखाली, एकाच बाजूला, लिंबाएवढी सूज टरारून येते. आतून कोणीतरी हवा भरतंय असं वाटतं. ठणका कानापर्यंत जातो, कधी जिभेखाली उतरतो. जेवण थांबवलं की तास-दोन तासांत सगळं ओसरतं आणि आरशात बघावं तर चेहरा जसा होता तसा. पुढच्या जेवणाला पुन्हा तेच. एवढंच, याच क्रमाने डॉक्टरांना सांगितलं तर निम्मं निदान तिथेच होतं: लाळग्रंथीच्या नळीत खडा अडकलाय.

मी ते सांगितलं नाही. मी म्हणालो, ‘खालची शेवटची दाढ दुखते.’ त्या दाढेत जुनी कीड होतीच, छोट्या एक्स-रेत ती दिसलीही, आणि रूट कॅनल होऊन गेलं. दाढ छान झाली, सूज मात्र जेवणाच्या वेळेला हजर. चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ‘कुठे दुखतं ते राहू दे, कधी दुखतं?’ तेव्हा गाडी रुळावर आली. पहिल्या दंतवैद्यांना सगळा दोष देणं सोपं आहे, पण ‘कधी’ हे मलाही सांगायचं सुचलं नव्हतं. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

खडा नेमका तिथेच का होतो

मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानासमोर गालात पॅरोटिड, जबड्याखाली सबमँडिब्युलर आणि जिभेखाली सबलिंग्वल. याशिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारक्या ग्रंथी. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. खडे मात्र या सगळ्यांत सारखे वाटले जात नाहीत. शंभरातले ८० ते ९० खडे जबड्याखालच्या ग्रंथीचे, उरलेले बहुतेक कानासमोरच्या ग्रंथीचे.

कारण नळीच्या बांधणीत आहे. जबड्याखालच्या ग्रंथीची नळी सुमारे ५ सेंटीमीटर लांब. ग्रंथी खाली आणि तोंड वर, म्हणजे लाळेला चढ चढून यावं लागतं. वाटेत एका स्नायूच्या मागच्या कडेला नळी चांगलीच वळते. आणि जिभेला खाली धरून ठेवणारा जो पातळ पडदा असतो, त्याच्या बाजूच्या बारीक उंचवट्यावर ती उघडते तेव्हा तिचं तोंड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं राहतं. त्यात या ग्रंथीची लाळ घट्ट, चिकट आणि कॅल्शियम जास्त असलेली. या नळीचं वर्णन थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने १६५६ मध्ये छापलं, म्हणून डॉक्टर तिला ‘व्हार्टनची नळी’ म्हणतात. रिपोर्टवर हा शब्द दिसला तर दचकू नका. कानासमोरच्या ग्रंथीची ती ‘स्टेन्सनची नळी’, जी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतल्या बाजूला उघडते.

लाळ साचून राहिली की तिच्यातल्या चिकट पदार्थाचा, जंतूंचा किंवा पेशींच्या कचऱ्याचा एखादा कण केंद्र होतो आणि त्याभोवती कॅल्शियम फॉस्फेटचे थर चढतात. वाढ अगदी सावकाश असते. वर्षाला एखादा मिलिमीटर असा अंदाज करतात. म्हणजे आज दुखायला लागलेला ६ मिलिमीटरचा खडा काही गेल्या आठवड्यातला नव्हे. रक्तातल्या कॅल्शियमशी सहसा याचा संबंध नसतो, त्यामुळे दूध सोडण्याचं कारण नाही. ज्यांना गाउट (युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार) आहे, त्यांच्यात युरिक ॲसिडचे खडे होऊ शकतात, तो अपवाद.

पायरी १: तीन दिवसांची नोंद

कागद घ्या किंवा मोबाइलमध्ये लिहा: सूज किती वाजता आली, त्याआधी काय खाल्लं, किती वेळात उतरली, कोणती बाजू, ताप होता का. सूज टरारलेली असताना समोरून आणि बाजूने एकेक फोटो काढून ठेवा. हे अगदी मोलाचं काम आहे, कारण तपासणीच्या वेळी तुम्ही उपाशी असता, सूज उतरलेली असते, आणि डॉक्टरांच्या हाती फक्त तुमचं बोलणं उरतं.

घेत असलेल्या औषधांची यादीही त्याच कागदावर. ॲलर्जीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, लघवीच्या घाईवरची औषधं यांनी तोंड कोरडं पडतं आणि लाळ घट्ट होते. मनाने यातलं काहीही बंद करू नका, फक्त सांगा.

पायरी २: आरसा, टॉर्च आणि एक बोट

हात साबणाने धुवा, उजेडात आरशासमोर उभे राहा, जिभेचं टोक टाळूला लावा. जिभेखाली मधोमध तो पातळ पडदा दिसेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या डोक्याएवढे दोन उंचवटे. तीच नळ्यांची तोंडं. कधीकधी खडा तिथेच, पातळ अस्तराखाली पिवळट ठिपक्यासारखा डोकावत असतो.

आता जिभेखालची जागा स्वच्छ कापडाने हलकेच टिपून कोरडी करा. जबड्याखाली, हाडाच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून ग्रंथी हळूच वर आणि पुढे दाबा, आणि उंचवट्याकडे बघत राहा. चांगल्या बाजूने पाण्यासारखी लाळ पाझरून छोटं डबकं होतं. खडा असलेल्या बाजूने काहीच येत नाही, किंवा थेंबभर येतं. गढूळ, पिवळं, खारट चवीचं काही आलं तर तो पू आहे, आणि तिथे घरचा प्रयोग संपला.

मग चाचपणी. एक बोट तोंडात, जीभ आणि खालच्या दाढा यांच्यामधल्या खोबणीत शक्य तितकं मागे न्या. दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली. दोन्हींच्या मध्ये तो मऊ भाग धरून मागून पुढे सरकत या. दिशा महत्त्वाची आहे. पुढून मागे गेलात तर मोकळा खडा आणखी आत, ग्रंथीकडे ढकलला जाईल, आणि पुढचा खडा काढणं सोपं, मागचा अवघड. माझा खडा बोटाला लागला तेव्हा तो तांदळात राहून गेलेल्या बारीक खड्यासारखा, अगदी उपरा वाटला. आजूबाजूचं सगळं लुसलुशीत आणि मध्येच एक टणक, किंचित खरखरीत बी. न लागल्यास खडा नाहीच असं मात्र समजू नका. ग्रंथीच्या पोटातला खडा बोटाला लागत नाही.

लिंबाच्या दोन थेंबांची परीक्षाही करता येते: जिभेवर टाका आणि दोन-तीन मिनिटं बघा. एकाच बाजूला सूज चढली तर अडथळा जवळपास नक्की. ताप, लाली किंवा खूप दुखत असताना हे करू नका. तुंबलेल्या नळीमागे आणखी लाळ सोडण्यात काही शहाणपण नाही.

सुई, टूथपिक, चिमटा यांपैकी काहीही नळीच्या तोंडात घालू नका. तिथे जखम झाली की व्रण धरतो, तोंड आणखी आवळतं, आणि खडा गेल्यावरही सूज येत राहते.

जेवणाशी जमत नसेल तर

दोन्ही गालांना सूज, ताप, अंगदुखी, घरात किंवा शाळेत आणखी कोणाला तसंच झालेलं: हे गालगुंड. लहान मुलाचा एकच गाल पुन्हा पुन्हा सुजतो, पण खडा सापडत नाही, असा वेगळा आजारही असतो. मुलांमध्ये खडा तसा दुर्मीळच, तो प्रामुख्याने ३० ते ६० वयातला. डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे, सांधे दुखतात, तर श्योग्रेन आजाराची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, त्याची) तपासणी हवी. दाढेचा गळू, सुजलेली लसिकाग्रंथी, नळीचं खड्याविना आवळणं, हेही यादीत असतात.

खरी भीती वेगळ्या गाठीची. जेवणाशी काही देणंघेणं नाही, दुखत नाही, उतरत नाही, हळूहळू वाढते आणि हाताला टणक लागते अशी गाठ ‘खडाच असेल’ म्हणून महिनोन्‌महिने सोडू नये. जबड्याखालच्या ग्रंथीतल्या गाठींपैकी जवळपास निम्म्या कर्करोगाच्या निघतात. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडत असेल किंवा जीभ बधिर होत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा.

आणि काही लक्षणांना आठवडाही नाही, तासही नाही: थंडी वाजून ताप, जिभेखालचा भाग वर उचलला गेलेला, गिळता न येणं, लाळ गळणं, तोंड न उघडणं, आवाज घोगरा किंवा दबलेला होणं, श्वासाला त्रास. जंतुसंसर्ग मानेत पसरून श्वासाची वाट बंद करू शकतो. थेट तातडीच्या विभागात जा, अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

पायरी ३: कोणती तपासणी, कशासाठी

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा तोंड आणि जबड्याचे शल्यचिकित्सक गाठा. दोघेही हे काम करतात. फोनवरच विचारा, ‘लाळेच्या नळीची दुर्बीण तुमच्याकडे होते का?’ होत असेल तर पुढचे पर्याय वाढतात.

बहुतेक वेळा सोनोग्राफीने सुरुवात होते. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. २ मिलिमीटरपेक्षा मोठा खडा पांढऱ्या ठळक रेषेसारखा आणि मागे काळी सावली टाकताना दिसतो, शिवाय तुंबून फुगलेली नळी दिसते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. करणाऱ्याचा हात आणि अनुभव यावर ही तपासणी बरीच अवलंबून आहे. आणि तपासणीआधी काही आंबट चघळलं तर नळी फुगते, खडा उठून दिसतो. अगदी तोंडाजवळचा खडा बाहेरून लावलेल्या यंत्राला कधी निसटतो, तेव्हा तोंडातून बोटाने वर दाब देतात.

एक्स-रेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझी फसगत तिथेच झाली. दाढेचा छोटा एक्स-रे दाढ आणि आजूबाजूचं हाड दाखवतो. जिभेखालची जमीन त्याच्या चौकटीतच येत नाही. सगळ्या जबड्याचा जो लांबट एक्स-रे काढतात, त्यात खडा जबड्याच्या हाडावर पडून हाडाचाच भाग वाटू शकतो. खड्यासाठी कामाचा तो वेगळा: फिल्म दातांत आडवी धरायची आणि हनुवटीखालून वर किरण सोडायचे. त्यात जिभेखालची नळी मोकळ्या जागेत येते आणि पुढचा खडा दाण्यासारखा दिसतो. जबड्याखालच्या ग्रंथीचे सुमारे ८० टक्के खडे एक्स-रेत दिसतात. कानासमोरच्या ग्रंथीचे खूपच कमी, कारण त्यांत कॅल्शियम कमी असतं. तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे खडा नाही, असं नव्हे.

खडे अनेक असतील, ग्रंथीच्या आत असतील किंवा शस्त्रक्रिया ठरवायची असेल तर सीटी स्कॅन. खडाच शोधायचा असेल तर चित्र ठळक करणारं औषध (कॉन्ट्रास्ट) न टोचता, बारीक कापांचा सीटी पुरतो. टोचलेलं औषध भरलेली बारकी रक्तवाहिनी खड्यासारखी दिसून गोंधळ घालते. पू साचल्याचा किंवा गाठीचा संशय असेल तर मात्र ते औषध लागतंच. नळीत रंगद्रव्य सोडून काढायचा जुना एक्स-रे आता क्वचितच लागतो, आणि संसर्ग चालू असताना तो करतच नाहीत. एमआरआयमध्ये औषधाशिवाय नळी दिसते. नळी आवळल्याचा संशय असेल तेव्हा त्याचा उपयोग.

रिपोर्ट हातात आला की आकारावर नजर खिळवून बसू नका. त्यात चार गोष्टी शोधा: खडा नळीच्या पुढच्या भागात, मधल्या भागात की ग्रंथीच्या मुखाशी (जिथे नळी ग्रंथीतून निघते), हलतो की रुतलाय, एक की अनेक, आणि ग्रंथी कशी आहे. उपचार ठरतो तो याच उत्तरांवर. नळीच्या तोंडाशी असलेला १० मिलिमीटरचा खडा अर्ध्या तासात निघतो, आणि ग्रंथीच्या पोटातला ५ मिलिमीटरचा तज्ज्ञालाही घाम फोडू शकतो.

पायरी ४: घरी करण्यासारखं

खडा छोटा आहे, ताप नाही, पू नाही, तर काही दिवस ते दोन-तीन आठवडे प्रयत्न करून बघायला हरकत नाही. एकदोन मिलिमीटरचे खडे आपसूक बाहेर पडतात. कधी दात घासताना थुंकीत वाळूच्या कणासारखे सापडतात.

दिवसभर थोडं थोडं पाणी प्या, लघवी फिकट राहील इतपत. जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं कोमट, ओला कपडा जबड्याखाली धरा. मग मालिश: दोन बोटं जबड्याच्या कोपऱ्याखाली ठेवून हनुवटीच्या दिशेने, हळू, दाब देत, दहा-बारा वेळा. कानासमोरच्या ग्रंथीसाठी कानापासून ओठांच्या कोपऱ्याकडे. नंतर लिंबाची फोड किंवा बिनसाखरेची आंबट गोळी चघळा, जेणेकरून मागून लाळेचा लोंढा येऊन खड्याला ढकलेल. आंबटाने नुसती सूज आणि कळ वाढत असेल, ओघ सुटतच नसेल, तर नळी पूर्ण बंद आहे. आंबट थांबवा, शेक आणि पाणी चालू ठेवा.

दुखण्यावर आयबुप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी चालते. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात व्रण, रक्त पातळ करणारं औषध किंवा गरोदरपण असेल तर आधी विचारा.

अँटिबायोटिकबद्दल माझं मत ठाम आहे: जेवणापुरती येणारी आणि जाणारी सूज हा अडथळा आहे, संसर्ग नव्हे. तिथे अँटिबायोटिक देऊन काही विरघळत नाही. ताप, लाली, पू, सतत राहणारी सूज असेल तर मात्र ते हवंच. बहुधा स्टॅफिलोकोकस जंतू असतात, म्हणून ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास क्लिंडामायसिन यांसारखी औषधं डॉक्टर निवडतात. संसर्ग उतरला तरी खडा तिथेच असतो, हे विसरून लोक पुढची तपासणी टाळतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच दुखणं घेऊन येतात. खडा विरघळवणारं पोटातलं औषध नाही.

पायरी ५: काढायचा कसा

खडा पुढे, जिभेखाली हाताला लागतोय, तर तोंडातूनच. जागा बधिर करतात. खड्याच्या मागे नळीभोवती एक टाका घालतात, नाहीतर दाब पडताच तो मागे सटकतो. मग खड्यावरच छोटा छेद, आणि तो टपकन बाहेर. नळीची चीर बहुतेक वेळा शिवून बंद करत नाहीत. कडा बाजूच्या अस्तराला जोडून लाळेला रुंद तोंड ठेवतात. मी खुर्चीत सगळे मिळून पंचवीस मिनिटं होतो. निघालेला खडा ७ मिलिमीटरचा, मळकट पिवळा, एका टोकाला निमुळता. एवढ्याशा वस्तूने इतके महिने जेवण कडू केलं होतं.

छोटा आणि हलणारा खडा मधल्या किंवा मागच्या नळीत असेल तर दुर्बीण, सायलेंडोस्कोपी. जाडी एखाद-दीड मिलिमीटर. नळीचं तोंड हळूहळू रुंद करून ती आत सारतात, पाण्याने नळी फुगवतात आणि तारेच्या इवल्या जाळीत खडा पकडून ओढून आणतात. जबड्याखालच्या ग्रंथीसाठी साधारण ४ आणि कानासमोरच्या ग्रंथीसाठी ३ मिलिमीटरपर्यंतचे खडे असे अखंड येतात. त्याहून मोठे असले तर आतच लेझरने फोडून तुकडे काढतात. काही केंद्रांत मुतखड्यासारखे बाहेरून ध्वनितरंगांनी फोडण्याचं यंत्र आहे. त्याला अनेक बैठका लागतात आणि ते सगळीकडे मिळत नाही.

मोठा खडा ग्रंथीच्या मुखाशी रुतलेला, पण बोटाला लागणारा असेल, तर पूर्ण भूल देऊन तोंडातूनच मागपर्यंत जातात. इथे जिभेला संवेदना देणारी नस नळीला खालून वळसा घालून जाते. ती ओळखून बाजूला ठेवणं हेच या शस्त्रक्रियेतलं कौशल्य. काही दिवस जिभेची कड बधिर राहू शकते, क्वचित जास्त काळ. कानासमोरच्या मोठ्या खड्यासाठी आतून दुर्बिणीचा उजेड दाखवत बाहेरून कानापुढे छेद घेतात आणि चेहऱ्याची नस जपतात.

ग्रंथीच काढून टाकणं हा शेवटचा पर्याय. पूर्वी हात सहज त्याकडे जायचा, समज अशी की खड्याने ग्रंथी कायमची निकामी होते. पण अडथळा गेल्यावर ग्रंथी बऱ्याच अंशी सावरते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांतल्या ४,६९१ रुग्णांच्या अभ्यासात दुर्बीण, तरंग, तोंडातून छेद अशा उपायांनी ८०.५ टक्के रुग्णांचे खडे पूर्ण निघाले, आणि ग्रंथी काढावी लागली ती फक्त २.९ टक्क्यांची. म्हणून पहिल्याच भेटीत कोणी ‘ग्रंथी काढू’ म्हणालं, तर दुर्बीण होत असलेल्या ठिकाणी दुसरं मत घ्या. ग्रंथीत अनेक खडे आहेत, वारंवार पू होतो, ती आक्रसून दगडासारखी झाली आहे, तेव्हा मात्र काढण्यातच सुटका असते. मानेवर, जबड्याखाली दोन बोटं अंतर सोडून छेद घेतात. ओठाचा कोपरा खाली खेचणारी नस त्याच वाटेवर असते, म्हणून हे अंतर. एक ग्रंथी गेली तरी तोंड सहसा कोरडं पडत नाही, बाकीच्या सांभाळून घेतात.

योगायोगाने एक्स-रेत सापडलेला, कधीच न दुखलेला खडा? गडबड नको. तज्ज्ञांना दाखवून लक्ष ठेवता येतं. पण तो पुढे असेल आणि सहज निघणार असेल, तर मी काढून घेईन.

नंतरचे पंधरा दिवस

दुर्बिणीनंतर आत सोडलेल्या पाण्यामुळे ग्रंथी फुगलेली दिसते. एक-दोन दिवसांत उतरते. मऊ जेवण, जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि डॉक्टर हो म्हणतील त्या दिवसापासून पुन्हा मालिश आणि आंबट, कारण वाहती लाळच नवी वाट उघडी ठेवते. नळीत बारीक प्लास्टिकची नळी ठेवली असेल तर ती जिभेला टोचते. तिच्याशी खेळू नका, ती साधारण दोन आठवड्यांनी काढतात. धूम्रपान असेल तर ते सोडायला हाच मुहूर्त.

जिभेखाली झपाट्याने वाढणारी सूज, न थांबणारं रक्त किंवा ताप आला तर त्याच दिवशी परत जा. आणि महिनाभराने पुन्हा जेवताना तीच ओळखीची सूज आली, तर ‘खडा काढला तरी कसं’ म्हणून चक्रावू नका. मागे राहिलेला तुकडा, दुसरा खडा किंवा व्रणाने आवळलेली नळी, यांपैकी एक असतं. आंबट चघळून सोनोग्राफी करून घ्या. आवळलेली नळी दुर्बिणीनेच फुग्याने रुंद करता येते.